बाईंच्या लार्चची खालची फांदी

परभणीला एस.टी. स्टँडच्या कुंपणाला लागून माझ्या वडिलांची टपरी होती. एक लाकडी खुर्ची, एक आरसा, आरशाखाली फळी आणि फळीवर वस्तरा, दोन कात्र्या, तुरटीचा खडा. आम्ही न्हावी. आजोबा काखेत हत्यारांची धोपटी मारून खेड्यांतून फिरायचे आणि दाणे घेऊन घरी यायचे. वडिलांनी गाव सोडून शहरात टपरी टाकली, ही आमच्या घराण्यातली पहिली प्रगती. नगरपालिकेने ती टपरी अतिक्रमणात तीनदा उचलली. दोनदा वडिलांनी सोडवून आणली. तिसऱ्यांदा खुर्चीसुद्धा ट्रकात गेली आणि परत मिळाली नाही. मग वर्षभर ते गिऱ्हाइकाला पालथ्या डब्यावर बसवून दाढ्या करत होते. आई सरकारी दवाखान्यात झाडलोट करायची. संध्याकाळी आम्ही तिघं भावंडं दवाखान्याच्या पायरीवर तिची वाट बघत बसायचो, कारण वॉर्डातल्या जेवणातलं कधी कधी उरायचं. कधी उरायचं नाही.

सातवीत असताना शाळेची तपासणी होती. हेडमास्तरांनी मला वर्गातून उठवलं आणि म्हणाले, "बापाची कात्री घेऊन ये आणि ह्या तिघांचे केस कमी कर." मी पळत जाऊन कात्री आणली. बघून बघून हात तयार झालेलाच होता. तिघांचे केस असे सारखे कापले की हेडमास्तरांनी पाठ थोपटली. घरी येऊन मोठ्या फुशारकीने सांगितलं, तर वडिलांनी कानाखाली ओढली. आयुष्यात त्यांनी मला एकदाच मारलं ते तेव्हा. म्हणाले, "मास्तरानं पोराच्या हातात पुस्तक द्यायचं असतंय. परत कात्रीला हात लावलास तर माझं तोंड बघू नको."

नाही लावला. औरंगाबादच्या सरकारी कॉलेजातून इंजिनियर झालो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि ते सांगायला मला कधी संकोच वाटला नाही. २००२ साली कंपनीने न्यू जर्सीला पाठवलं. इथपर्यंतचं सगळं सरळ होतं. मग बाई भेटल्या.

प्रोजेक्टवर पुण्याचा एक मित्र होता. तो जी खोली सोडत होता ती त्याने मला सुचवली. वेस्ट विंडसरमध्ये, प्रिन्स्टन जंक्शनचं स्टेशन चालत दहा मिनिटांवर. "यार, बाई पूर्ण क्रॅक आहे," तो म्हणाला. "पण रूमला उजेड आहे आणि कार लागत नाही. मी तीन महिने काढले. तू ट्राय कर."

दार उघडलं ते पासष्टीच्या एका उंच, काटकुळ्या बाईंनी. ऑगस्टच्या उकाड्यात अंगात स्वेटर, पायांत मोजे आणि मोज्यांवर हवाई चप्पल.

"नमस्कार काकू," मी म्हणालो.

"मी तुझ्या कुठल्या काकाची बायको?"

मी दारातच गार. इतकी वर्षं कोणालाही काकू म्हटलं की पुढे पाण्याचा ग्लास यायचा.

"मग काय म्हणू?"

"बाई म्हण. नागपूरला कॉलेजात शिकवत होते तेव्हापासून तेच ऐकायची सवय आहे. कुठला तू?"

"परभणीचा."

"चल, परभणी. मागे चल."

त्या दिवसापासून पुढची सहा वर्षं त्यांनी मला दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारली नाही.

मागच्या अंगणात एका बाकावर पसरट कुंडीत एकच झाड होतं. कोपरापासून बोटांपर्यंत जेवढी लांबी, तेवढीच त्याची उंची, पण खोड असं की शंभर वर्षं वादळ खाल्लंय. फांद्यांवर मऊ हिरव्या सुयांचे झुबके. झाडासमोर एक खुर्ची मांडलेली. "इथे तासभर बस," बाई म्हणाल्या, "आणि मग काय दिसलं ते सांग." आणि आत निघून गेल्या. मी खोली बघायला आलो होतो. खोली कोणी दाखवलीच नाही.

तासाने त्या आल्या. मला झाडातलं काही कळत नव्हतं. जे डोळ्यांना खुपलं ते सांगितलं, "वर दाट आहे. खाली विरळ आहे. ही डावीकडची सगळ्यांत खालची फांदी तर फारच विरळ आहे."

"पुणेवाल्याला तासभरात फक्त डास दिसले होते," बाई म्हणाल्या. "खोली तुझी."

झाड लार्चचं, बोन्साय करून बुटकं ठेवलेलं. बाई वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करायला साठच्या दशकात अमेरिकेला आल्या, आणि मग एका संशोधन संस्थेच्या काचघरात निवृत्त होईपर्यंत काम केलं. तरुणपणी कधी तरी व्हर्माँटला फिरायला गेल्या असताना रस्ता रुंद करणाऱ्यांनी उपटून टाकलेलं हे रोप त्यांना खड्ड्यात दिसलं. गाडीत जागा नव्हती. तेव्हा त्यांनी बॅगेतले कपडे काढून रस्त्याच्या कडेला नीट घडी करून ठेवले आणि बॅगेत ओली माती भरून रोप घरी आणलं. "कपड्यांचं काय झालं?" मी विचारलं. "कोणाला तरी बसले असतील," बाई म्हणाल्या. लग्न का केलं नाही, ह्यावर इथल्या मराठी मंडळातल्या बायकांकडे चार-पाच कथा होत्या. बाईंकडे एकच उत्तर होतं. "राहून गेलं."

त्यांच्याबरोबर राहणं म्हणजे रोज एक धक्का. थालीपिठावर त्या मेपल सिरप घालायच्या. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात पाऊस मोजायच्या आणि आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायच्या. खिडक्या विकणाऱ्या कंपनीचा फोन आला की त्या मराठीत त्या महिन्याचे पावसाचे आकडे वाचून दाखवायच्या, समोरचा फोन ठेवेपर्यंत. जिथे कोणी चालत नाही त्या रस्त्याने त्या रोज दोन मैल चालायच्या. एकदा पोलिसाने गाडी थांबवून विचारलं, "आर यू ओके, मॅम?" बाई म्हणाल्या, "येस. आर यू?" आणि तो बिचारा खरंच सांगत बसला, त्याची पाठ दुखते म्हणून. मंडळाच्या गणपतीला त्या जायच्या नाहीत. एकदाच गेल्या होत्या आणि सजावटीतल्या प्लॅस्टिकच्या फुलांवरून अध्यक्षांना असं काही बोलल्या होत्या की पुढच्या वर्षीपासून आमंत्रणच बंद झालं. "बरं झालं," म्हणायच्या.

झाडावर मात्र एक शब्द वाया जाऊ द्यायच्या नाहीत. त्याला नाव नव्हतं. नुसतं "तो".

पहिल्या नोव्हेंबरात मी ऑफिसातून आलो तर लार्च पूर्ण पिवळा पडलेला. दोन दिवसांत सगळ्या सुया गळून बाकावर पिवळा सडा. मला वाटलं होतं की सुयांची झाडं बारा महिने हिरवी असतात. त्याच आठवड्यात मी बादलीतलं साबणाचं पाणी अंगणात ओतलं होतं. बाईंसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "बाई, मी झाड मारलं. साबणाचं पाणी ओतलं."

बाईंनी हातातला कप ठेवला, चपला घातल्या आणि मला बाहेर नेलं. उघड्या काड्यांवर मोहरीएवढे तपकिरी कोंब होते. "हा दर वर्षी असाच मरतो," त्या म्हणाल्या. "सुयांच्या झाडांत पानगळ होणारी मोजकीच, त्यांतला हा एक. आता मार्चपर्यंत थंडीत झोपणार. आत आणायचं नाही, गरम करायचं नाही. तू साबण टाकलास त्याचं वेगळं बघू." मग कुंडी भिंतीच्या आडोशाला ठेवून भोवती पानं भरली.

पण त्याहून मोठा धक्का मे महिन्यात बसला. एप्रिलमध्ये त्या मोहऱ्या फुटल्या आणि अख्खं झाड हिरव्या ठिपक्यांनी भरलं. मेमध्ये त्यांतून लांब, कोवळे धुमारे निघाले. इतका नाजूक हिरवा रंग मी आधी पाहिला नव्हता. रोज सकाळी ट्रेनला जाण्याआधी दोन मिनिटं मी तिथे उभा राहायचो. एका शनिवारी बाई छोटी कात्री घेऊन आल्या आणि वरच्या फांद्यांवरचे सगळे धुमारे कचाकच कापून टाकले. प्रत्येकाचे दोन-दोन झुबके ठेवले, बाकी बाकावर.

"बाई, अहो काय करताय? वाढतंय ना ते."

"म्हणूनच कापतेय."

आमच्या घरी जे वाढतं ते कोणी कापत नव्हतं. आईने दवाखान्याच्या मागे लावलेल्या भोपळ्याच्या वेलाची एकेक तणावा आम्ही जपला होता. मला ते कापणं बघवेना.

"तो डोंगरातला गडी आहे, परभणी," कात्री न थांबवता बाई बोलत होत्या. "सगळा जोर शेंड्याकडे. मोकळा सोडला तर शेंडा सगळं खाऊन टाकेल आणि खालच्या फांद्या उपाशी मरतील. आणि एकदा जुनी फांदी मेली की त्या जागी हा पुन्हा फुटत नाही. म्हणून जो जोरकस त्याला आवरायचं, जो लेचा त्याला हात लावायचा नाही. ती डावीकडची खालची फांदी पाहिलीस ना पहिल्याच दिवशी? तिच्यावर हे झाड उभं आहे. ती गेली तर हा नुसता झाडू."

खालच्या त्या फांदीचे धुमारे त्यांनी तसेच लोंबत ठेवले. वाईट दिसत होतं.

ही झाली सुरुवातीची दोन वर्षं. मग २००४च्या मेमध्ये बाई नेहमीसारख्या कापत होत्या आणि मी शेजारी चहा घेऊन उभा होतो. त्यांनी कात्री खाली नेली आणि खालच्या फांदीचा पुढचा, सगळ्यांत लांब धुमारा कापला. जो कधी कापायचा नाही तोच. मला वाटलं, मलाच काही कळत नाही. पण बाई थांबल्या. बाकावर पडलेला तुकडा उचलला, दोन बोटांत फिरवला.

"हा कुठला?"

"खालचा, बाई."

त्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "मी ज्याच्याकडे बघते तेवढंच दिसत नाही. बाजूचं सगळं दिसतं. तुझे कान दिसतात, तुझं तोंड दिसत नाही. सहा महिने झाले."

सहा महिने मी त्याच घरात राहत होतो. पोळ्या लाटताना, पाऊस मोजताना रोज बघत होतो. मला कळलं नव्हतं. नंतर कॅलेंडरवर बघितलं तर पावसाचे आकडे एकमेकांवर चढलेले होते.

बाईंनी कात्री माझ्यापुढे धरली. "आजपासून तू."

"नाही जमणार."

"शिकवते."

"नाही बाई. कात्री नको. दुसरं काहीही सांगा."

कारण त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. बोन्सायच्या क्लबातले दोन सभ्य गृहस्थ आपणहून यायला तयार होते. बाईंनी त्यांना नकार दिला. "ते त्याला स्वतःच्या झाडांसारखा करतील." पुढचे तीन आठवडे लार्च कोणीच कापला नाही. शेंड्याचे धुमारे आधी बोटाएवढे, मग वीतभर झाले, आणि खालच्या फांदीवर त्यांची सावली पडायला लागली. बाई रोज सकाळी हाताने चाचपून बघायच्या आणि आत जायच्या. ते मला सहन होईना. एका रविवारी मीच म्हटलं, "आणा ती कात्री."

महिनाभर त्यांनी मला अंगठा कुठे ठेवायचा, तर्जनी कशी टेकवायची हे शिकवलं. हात तयार आहे हे कळू नये म्हणून मी मुद्दाम चुका करत शिकलो. दर रविवारी वडिलांशी फोनवर बोलायचो. ऑफिस, हवा, जेवण, सगळं सांगायचो. हे सोडून.

आता चुकीचं सांगतो, कारण ती माझी आहे आणि दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही. वरचं मी बाईंनी सांगितल्याप्रमाणे कापत होतो. पण खालच्या फांदीचे धुमारे लोंबताना दिसले की माझे हात शिवशिवायचे. एक बट लोंबती ठेवून गिऱ्हाईक खुर्चीवरून उठवायचं, हे आमच्या रक्तात नाही. वडिलांनी तसं एकदाही केलेलं मी पाहिलं नव्हतं. मी ते थोडेसे, अगदी थोडेसे सारखे करायचो. झाड चारी बाजूंनी एकसारखं दिसायला लागलं की मला आतून बरं वाटायचं.

"वरचं कापलंस?" बाई विचारायच्या.

"हो."

"खालची सोडलीस?"

"हो."

दोन उन्हाळे मी असं खोटं बोललो. ज्यांना दिसत नाही अशा बाईंशी.

२००६च्या एप्रिलमध्ये झाड फुटलं. शेंड्यावर तर नुसती गर्दी. खालची फांदी मात्र कोरडी. मी रोज सकाळी बघायचो आणि स्वतःला सांगायचो, उशीर होतोय. दहा दिवस गेले. मग एका सकाळी बाईंनी नेहमीसारखी बोटं फिरवत वरून खाली आणली आणि त्या फांदीवर ती थांबली. पुन्हा मागे गेली, पुन्हा पुढे आली.

"परभणी, इथे किती फुटले?"

"एक. खोडाजवळ."

"एक." बोट त्या एका कोंबावर टेकलेलं होतं. "हिला कात्री लागली होती?"

"हो, बाई."

"दोन्ही उन्हाळे?"

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आत गेल्या. दोन दिवस घरात एक शब्द नाही. थालीपीठ केलं, माझ्या पानात वाढलं, स्वतः खिडकीशी बसून राहिल्या. मी मनातल्या मनात बॅग भरून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "का?"

"लोंबत होतं. वाईट दिसत होतं."

"कोणाला?"

मग मी सगळं सांगितलं. टपरी, पालथा डबा, हेडमास्तर, कानाखालची. कधी कोणाला सांगितलं नव्हतं. पुण्याच्या मित्राला मी वडील 'बिझनेस करतात' एवढंच सांगितलं होतं. मला वाटलं, बाई आता काही तरी मोठं, दयाळू बोलतील आणि मला ते ऐकून घ्यावं लागेल.

बाई म्हणाल्या, "म्हणजे तुला कात्री धरता येत होती. आणि मी महिनाभर तुला अंगठा शिकवत बसले. आधी बोलायला काय झालं होतं?"

माझं डोकंच फिरलं. "तुम्हाला सोपं आहे, बाई. तुमच्या हातात कात्री आली की तो छंद. आमच्या हातात आली की ती जात."

एवढं मोठ्याने मी त्या घरात कधी बोललो नव्हतो. बाईंची नजर माझ्या खांद्यावर होती, म्हणजे त्या माझा चेहरा बघायचा प्रयत्न करत होत्या.

"हो," त्या म्हणाल्या. "मला सोपं आहे."

नंतर त्या उठल्या आणि फोन माझ्यासमोर आणून ठेवला. "वडिलांना लाव. एका बाजूने केस विरळ असलेल्या माणसाचे केस ते कसे कापतात, ते विचार."

मला वाटलं ही थट्टा आहे. थट्टा नव्हती. मी कॉलिंग कार्डाचे आकडे दाबले. परभणीला धाकट्या भावाच्या मोबाइलवर वडील आले. तिकडे संध्याकाळ होती.

मी प्रश्न विचारला.

"नोकरी गेली का रे?" वडिलांनी अगदी हळू विचारलं.

"नाही बाबा."

"खरं सांग. तिथं कटिंग कराय लागलास का?"

"नाही हो बाबा. एका झाडासाठी विचारतोय."

झाडाचं समजावून सांगायला पाच मिनिटं लागली. बोन्साय म्हणजे काय हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मोठं होऊ देत नाहीत आणि मरू बी देत नाहीत? कसली माणसं तिथली." मग त्यांना त्यांच्या कामाचं कोणी तरी विचारतंय हे बहुतेक लक्षात आलं, कारण आवाज बदलला. मोकळा, जरा ऐटबाज झाला. असा आवाज मी फक्त टपरीवर ऐकला होता.

"हे बघ, विरळ बाजूला कात्री न्यायचीच नाही. दाट बाजू हलकी करायची, ती बी वरून नाही, आतून. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलवायचं, पुन्हा दाट बाजूच. गिऱ्हाईक बोंबलतंय, इकडं लोंबायलंय, कापा. कापायचं नाही. दोन्ही बाजू सारख्या कापल्या की विरळ बाजूचं टक्कल लगेच दिसतंय. नवशिके तीच चूक करतेत."

मी रिसीव्हर धरून उभा. बाई तीन वर्षं मला जे सांगत होत्या तेच वडील सांगत होते, आणि त्या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. ज्याला मी सफाई समजत होतो ती वडिलांच्या लेखी नवशिक्याची चूक होती.

बाईंनी हात पुढे करून रिसीव्हर घेतला. "नमस्कार. ह्या मुलाने चार वर्षांत तुमच्याबद्दल एक शब्द सांगितला नाही. मला सांगा, आतून हलकी करता म्हणजे मुळाशी का मध्यावर?" मग त्या दोघांचं जे सुरू झालं ते कार्ड संपेपर्यंत. 'तुमच्याकडे एक मिनिट शिल्लक आहे,' असं इंग्रजीत सांगणाऱ्या बाईवर आमच्या बाई खेकसल्या, "मधे बोलू नका."

पुढच्या रविवारी वडिलांनी मला एकट्याला विचारलं, "ती बाई हुकूम सोडती का शिकवती?"

"दोन्ही, बाबा."

"मग कर. माणसांचं नको, झाडाचं चालंल."

त्या उन्हाळ्यात मी शेंडा पंधरा-पंधरा दिवसांनी कापला. आतला दाट भाग हलका केला, म्हणजे खालच्या फांदीवर सकाळचं ऊन पोचेल. कुंडी फिरवून ठेवली. आणि त्या एका कोंबाला हात लावला नाही. तो फुटला, त्याचा धुमारा झाला, तो वेडावाकडा वाढत राहिला. हातभर फांदी बाजूला लोंबतेय आणि वरचं झाड आखूड. क्लबातले गृहस्थ आले, बघून सभ्यपणे चहा पिऊन गेले. पुण्याचा मित्र म्हणाला, "यार, हे झाड आहे की टीव्हीची अँटेना?" माझे हात रोज शिवशिवत होते. मी ते खिशात घालून झाडासमोर उभा राहायचो. दुसरा उन्हाळाही तसाच काढला.

तोपर्यंत बाईंची मधली नजर पूर्ण गेली होती. पाऊस मी मोजायचो, आकडे मी लिहायचो. आकडा चुकला तर त्यांना कळायचं. कसं ते मला आजही माहीत नाही. रविवारचा फोन आता माझा राहिला नव्हता. पहिली दहा मिनिटं मी, उरलेली बाई. वडिलांचं सगळं गिऱ्हाईक त्यांना ओळखायला लागलं होतं. एकदा वडील म्हणाले, "तुमचं झाड कसंय, असं एस.टी.चे ड्रायव्हर विचारतेत."

२००८चा मार्च. बर्फ वितळून कोंब फुगायला लागले होते, अजून हिरवे झाले नव्हते. बाईंनी मला कुंडी बाकावर ठेवायला सांगितली आणि खालच्या फांदीवर बोटं ठेवली. खोडापासून टोकापर्यंत, एकेक कोंब मोजत गेल्या. मी मनात मोजत होतो. फांदी बुडाशी पेन्सिलीएवढी जाड झाली होती.

"बावीस," बाई म्हणाल्या.

"बावीस," मी म्हणालो.

"आता हिला काप."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "हिला?"

"हिला. पहिले चार ठेव, बाकी काढ."

"बाई, अठरा कोंब जातील. दोन वर्षं मी हात लावला नाही. एक वर्ष थांबू या. निदान हा उन्हाळा."

"का?"

"पुन्हा मेली तर?"

"तू हिला लेचीच समजतोस अजून," बाई म्हणाल्या. "बोटं ठेव."

मी ठेवली. लाकूड टणक होतं. कोंब बोटाला टोचत होते. बाईंनी माझा हात तसाच धरून शेंड्याकडच्या एका फांदीवर नेला आणि परत खाली आणला. फरक लागत नव्हता.

"जोरकस झाली की तिलाही आवरायचं. नाही तर उद्या हीच दुसऱ्या फांदीला खाईल. तो नियम तिला लागू व्हावा, म्हणून तर दोन वर्षं थांबलो."

मी कात्री घेतली. चौथ्या कोंबाच्या पुढे तिरकं कापलं. हातभर फांदी बाकावर पडली. बाईंनी ती उचलली नाही. त्यांनी कापलेल्या टोकावर अंगठा ठेवला, काप स्वच्छ आहे का बघितलं, आणि "ठीक," एवढंच म्हणाल्या. चार वर्षांत माझ्या कामाला त्यांनी दिलेला तो एकच शेरा.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ते चारही कोंब फुटले. त्यांच्या मागे जुन्या लाकडावर आणखी तीन फुटले, जे आम्ही हिशेबात धरलेच नव्हते. मी जवळजवळ मारलेली ती फांदी जगली होती, आणि त्या वर्षी मेमध्ये मी तिचे धुमारे बाकीच्या फांद्यांबरोबर कापले.